मेंटेनन्स बिलं मेलवर जाण्याबाबत

*सेक्रेटरी:* नमस्कार मंडळी. बिलिंग सॉफ्टवेअरमधून मेल जाणं बंदच आहे, एकेक पीडीएफ हाताने जोडून पाठवतोय. एरर येतो ५३५ ५.७.१३९. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये तोच चालतो.

*बी-४०३:* काका, पासवर्ड बदलत बसू नका. त्या एररचा अर्थ, नुसत्या पासवर्डवर लॉगिन बंद. आपलं खातं आउटलुक डॉट कॉमचं आहे, तिथे १६ सप्टेंबर २०२४ पासून ओऑथ लागतं, म्हणजे सॉफ्टवेअरला पासवर्ड न देता ब्राउझरमध्ये लॉगिन करून परवानगी द्यायची. निर्णय योग्यच आहे, चोरलेल्या पासवर्डवर परस्पर मेल पाठवणं त्याने अवघड होतं. आपलं सॉफ्टवेअर जुनं, त्याला युजरनेम-पासवर्ड देण्यापलीकडे काही येत नाही.

*ए-२०१:* मग जीमेल काढा की.

*बी-४०३:* चालेल दादा, तिथे टू-स्टेप सुरू केलं की जुन्या सॉफ्टवेअरला देता येईल असा वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड मिळतो. पण बँक, उपनिबंधक कार्यालय, पालिका, सगळीकडे हाच पत्ता दिलाय. आणि ऑडिट तोंडावर असताना सॉफ्टवेअर बदलणंही नको.
सॉफ्टवेअर आणि आउटलुकच्या मध्ये प्रॉक्सी, म्हणजे निरोप्याचं काम करणारा प्रोग्रॅम, बसवू. 'ईमेल ओऑथ २.० प्रॉक्सी' हा ओपन सोर्स प्रोग्रॅम ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर चालतो. ब्राउझरमध्ये एकदा लॉगिन करून परवानगी दिली की त्याला टोकन, म्हणजे तात्पुरता डिजिटल पास, मिळतं. ते तासाभरात संपतं, पण नवं तो स्वतःच घेतो. सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर म्हणून १२७.०.०.१ आणि प्रॉक्सीचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) टाकायचा. सॉफ्टवेअर नेहमीसारखा पासवर्ड देणार. प्रॉक्सी तो पुढे पाठवतच नाही, टोकन दाखवून ५८७ पोर्टवरून मेल सोडतो. टोकन साठवताना मात्र तोच पासवर्ड कुलूप म्हणून वापरतो. त्यामुळे सॉफ्टवेअरमधला पासवर्ड कुणी मध्येच बदलू नका, नाहीतर पुन्हा लॉगिन करावं लागेल.

*सी-६०२ काकू:* अगं, म्हणजे आपली बिलं तिसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरवरून जाणार का?

*बी-४०३:* नाही काकू, ते मी होऊ देणार नाही. कुणाची किती थकबाकी आहे हे बाहेरच्या सेवेच्या हाती का द्यायचं? १२७.०.०.१ म्हणजे तोच कॉम्प्युटर. क्लबहाउसच्या वायफायवरच्या दुसऱ्या मशीनलाही तिथे पोचता येणार नाही.

*ए-२०१:* कॉम्प्युटर बंद असला तर?

*बी-४०३:* मग सॉफ्टवेअरही बंदच असेल ना. प्रॉक्सी स्टार्टअपला लावून ठेवते.

*सेक्रेटरी:* ताई, एक अडचण आहे. लॉगिनचा ओटीपी अजून आधीच्या सेक्रेटरींच्या मोबाइलवर जातो.

*बी-४०३:* काका, मग ते काम सगळ्यात आधी. नंबर बदलून घ्या आणि कमिटीतल्या आणखी एकाचा पर्यायी नंबरही जोडा. शनिवारी संध्याकाळी मी ऑफिसात येते. पहिलं बिल माझ्याच फ्लॅटचं पाठवून बघू. मिळालं की बाकीची सोडू.

*सेक्रेटरी:* नंबर उद्याच बदलतो. शनिवारी सहा वाजता ऑफिस उघडं असेल.