अंग, देह, शरीर: बायकांनी स्वतःचे काढलेले फोटो आणि आपले शब्द

पार्लेकरीण
दादरच्या आमच्या वाचकगटात मला एक सचित्र भाषण द्यायचं आहे. विषय: ज्या कलावंत बायकांनी स्वतःचंच शरीर कॅमेऱ्यासमोर ठेवून काम केलं, त्यांचे फोटो. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे, भरपूर वाचलेले. भाषण मराठीत करायचं आहे, आणि पहिल्याच परिच्छेदात अडले.

'सेल्फ-पोर्ट्रेट'साठी आत्मचित्र, स्वचित्र, स्वप्रतिमा असे शब्द छापून येतात. पण अमेरिकन कलावंत सिंडी शर्मनचं काय करायचं? १९७७ ते १९८० या काळात तिने 'अनटायटल्ड फिल्म स्टिल्स' ही मालिका केली. ६९ कृष्णधवल फोटो, प्रत्येकात ती स्वतः. कुठे स्वयंपाकघरातली गृहिणी, कुठे शहरात नवखी आलेली मुलगी. केसांचे टोप बदललेले, कपडे बदललेले. या फोटोंतली बाई मी नव्हे, ही सेल्फ-पोर्ट्रेट्स नव्हेत, असं ती सांगत आली आहे. मग 'आत्म' आणि 'स्व' दोन्ही गळून पडतात. उरतं फक्त तिचं शरीर.

दुसरा प्रश्न त्यातूनच आला: 'शरीर' म्हणू, 'देह' म्हणू की आणखी काही?

गिरगावकर
पहिल्या प्रश्नापुरतं: आत्मचित्र हा शब्द रंगांनी काढलेल्या चित्राला शोभतो, फोटोला नाही. 'स्वतःचा फोटो' हे साधे दोन शब्द पुरेत. जिथे ती वेषांतरात आहे तिथे 'सोंग' म्हणा. सोंग घेणं, सोंग आणणं, सोंग वठवणं, सगळं तयार आहे आपल्याकडे. भारुडात सोंग आणणारा गंभीर काहीतरी सांगत असतो, त्यामुळे शब्द हलका आहे असं मला वाटत नाही.

परळची परिचारिका
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला बरंच बोलायचं आहे. नोकरीची सगळी वर्षं कॅन्सरच्या बायकांच्या वॉर्डात गेली, तेव्हा हे शब्द मी रोज ऐकत होते.

'शरीर' हा डॉक्टरांचा आणि पाठ्यपुस्तकाचा शब्द. 'देह' संतांचा, आणि माणूस गेल्यावरचा: देह ठेवला, देहावसान, देहदान. सोयराबाईंनी 'देहासी विटाळ म्हणती सकळ' असं म्हटलं तेव्हा देहाचा वाद थेट देवाशीच होता. पण जिवंत बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हा ती 'अंग' म्हणते. अंग दुखतंय, अंग मोडून आलंय, अंगावरून जातंय, अंग बाहेर येतंय. नको असलेल्या नजरेपुढे ती अंग चोरते. आणि गाठ हाताला लागूनही सहा-सहा महिने कुणाला सांगत नाही, तेव्हा आपण म्हणतो, तिने दुखणं अंगावर काढलं. या एका क्रियापदात आपल्याकडच्या बायकांचं अर्धं आयुष्य आहे. पुरुषही अंगावर काढतात, पण वॉर्डात कारण विचारलं की बाईचं उत्तर ठरलेलं असायचं: घरात कोण बघणार होतं?

म्हणून तुमच्या भाषणात जो स्पेन्स हवीच. ही ब्रिटिश फोटोग्राफर. १९८२ साली तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी तिने स्वतःच्या स्तनावर पेनाने लिहिलं, 'प्रॉपर्टी ऑफ जो स्पेन्स', आणि पुढे प्रश्नचिन्ह. तसा फोटो काढून घेतला. ते प्रश्नचिन्हच महत्त्वाचं आहे. ऑपरेशन टेबलवर गेल्यावर हे अंग कुणाचं, माझं की डॉक्टरांचं, हे ती विचारते आहे. पूर्ण स्तन काढायला तिने नकार दिला होता, गाठ तेवढी काढू दिली.

हे मराठीत कसं लिहाल? 'मालमत्ता' लिहिलंत तर सात-बारा डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घेतात ना, तसं तिने स्वतःच्या अंगावर नाव घातलं, असं सांगा. तुमच्या श्रोत्यांमधल्या बायकांना लगेच पोचेल, कारण त्या भांड्यांवर बहुधा त्यांचं स्वतःचं नाव नसतं.

पार्लेकरीण
परिचारिकाताई, हे असंच्या असं घेते. अमेरिकन कलावंत हाना विल्कीही याच ओळीत बसते. १९७४ सालच्या तिच्या मालिकेत ती तरुण आणि देखणी आहे, चघळलेल्या च्युइंगमच्या बारीक आकृत्या अंगाला चिकटवून कॅमेऱ्यासमोर उभी. तेव्हा तिला आत्ममग्न म्हणून नावं ठेवली गेली. पुढे लिम्फोमा हा कॅन्सर झाल्यावर तिने तेच अंग पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणलं: केस गळलेलं, सुजलेलं, पट्ट्या लावलेलं. १९९३ साली ती गेली. दोन्ही वेळा उभी राहण्याची ऐट तीच आहे, हे फोटो शेजारी-शेजारी ठेवले की दिसतं.

लालबागचा रंगकर्मी
गिरगावकर काकांच्या 'सोंगा'ला जोडून. पुष्पमाला एन. या बंगळुरूच्या कलावंत, मूळच्या शिल्पकार. त्या आपल्या कामाला 'फोटो-परफॉर्मन्स' म्हणतात. याला मराठीत आयता शब्द आहे: प्रयोग. नाटक लिहिलं जातं, बसवलं जातं, पण होतो तो प्रयोग. शिवाय काहीतरी करून बघणं हाही अर्थ त्यात आहेच.

त्यांचं 'फँटम लेडी ऑर किस्मत' हे १९९६ ते १९९८ मधलं काम मुंबईतच झालं. मुखवटा लावलेली नायिका, रात्रीची मुंबई, सगळं जुन्या चित्रपटांसारखं काळं-पांढरं. फिअरलेस नादियाची आठवण मुद्दाम जागी केलेली. नादिया म्हणजे परळच्या वाडिया मूव्हिटोनची नायिका, त्यामुळे आमच्या भागाला तिचा वेगळा अभिमान.

एक अडचण मात्र लक्षात घ्या. कॅमेऱ्यामागे मीनल अगरवाल होत्या. पुढे त्यांच्याच 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' या कामात क्लेअर आर्नी. म्हणजे 'स्वतः काढलेला फोटो' असं म्हणता येणार नाही.

गिरगावकर
नाही कसं? परिचारिकाताई वर सहज लिहून गेल्या तेच क्रियापद: 'फोटो काढून घेतला.' बटण दुसऱ्याने दाबलं तरी कर्ता फोटोतलीच बाई राहते. 'तिचा फोटो काढला' आणि 'तिने फोटो काढून घेतला' यांत तुमचं अख्खं भाषण आहे. बाईचं चित्र आपल्याकडे शेकडो वर्षं 'काढलं' गेलं. त्यात 'काढून घेणं' म्हणजे दुसऱ्याच्या हातातून परत घेणंही. हा दुसरा अर्थ इथे अडचण करत नाही, उलट कामाला येतो.

चेंबूरहून
फोटो स्टुडिओत काम करतो, म्हणून एक शब्द सुचवतो. अमेरिकन फोटोग्राफर फ्रान्सेस्का वूडमनचे फोटो तुमच्या यादीत असतील. पडक्या खोलीत तिचं अंग धुरकट होऊन भिंतीत विरत जातं, तो परिणाम तिने शटर बराच वेळ उघडं ठेवून आणि त्या वेळात हलून मिळवला आहे. याला 'अस्पष्ट' किंवा 'धूसर' लिहू नका, त्याने धुकं पडल्यासारखं वाटतं. आमच्याकडे गिऱ्हाईकही म्हणतं, 'फोटो हलला.' वूडमन मुद्दाम हललेला फोटो काढते. १९८१ मध्ये बावीस वर्षांची असताना तिने जीव दिला, आणि सगळे लेख तिथूनच सुरू होतात. तुम्ही हलण्यापासून सुरू करा, ही विनंती.

पार्लेकरीण
करीन, नक्की. आता 'नग्न'बद्दल कुणी सांगेल का? जे.जे.त मुलं सरळ 'न्यूड' म्हणतात. सभागृहात कोणता शब्द चालेल?

गिरगावकर
'नग्न' चालेल, निःशंक म्हणा. 'विवस्त्र' नको, त्यात कुणीतरी वस्त्र ओढल्याचा भास होतो, द्रौपदी आठवते. 'अनावृत' फारच झाकून बोलल्यासारखं. 'उघडी' हा घरातल्या दटावणीचा शब्द आहे. कुणी 'अश्लील' म्हणालंच, तर हे दोन शब्द एक नाहीत हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेच ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलंय, एवढं ठामपणे सांगा. चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं कस्टम्सने अडकवली होती, ती सोडायला लावताना न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं. याच पदमसींवर १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून खटला झाला होता, त्यातून ते सुटले.

पार्लेकरीण
सगळ्यांचे आभार. 'देह' मी पूर्ण टाकणार नाही, कारण 'देहभान' हा शब्द सोडवत नाही. मराठीत देहभान हरपतं, विसरतं, सुटतं. ते आलं, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. वूडमन किंवा स्पेन्सच्या बाबतीत 'देहभान आलं' असं लिहिलं तर कानाला खटकेल का?

परळची परिचारिका
थोडं खटकेल, तरी लिहा. भूल उतरल्यावर 'भान आलं का' असं आम्ही रोज विचारायचो, तेव्हा कुणाला खटकलं नाही. भाषण कधी आहे ते कळवा, मी आणि वॉर्डातल्या दोघी-तिघी येऊ.