तेर म्हणजेच तगर, हे नेमके कशाच्या आधारावर ठरले?

प्रश्न — माळरान

गेल्या महिन्यात धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे जाण्याचा योग आला. त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आणि संग्रहालयातील मातीच्या मूर्ती पाहिल्या. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत आलेले ‘तगर’ ते हेच, असे तेथे सांगण्यात आले. केवळ नावे जवळची वाटतात म्हणून हे मानायचे, की पुरातत्त्व, शिलालेख आणि भाषाशास्त्र यांचा खरोखर मेळ बसतो? मी या विषयाचा अभ्यासक नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व.

प्रतिसाद — लोपागम

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात तगर म्हणजे जुन्नर, देवगिरी किंवा धारूर अशी मते मांडली गेली होती. पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये तेरचा पक्ष मांडला आणि तो टिकला.

भाषेच्या बाजूने पाहता येथे साम्यापेक्षा नियम महत्त्वाचा आहे. दोन स्वरांमध्ये आलेला एकटा ‘ग’ प्राकृतात लोप पावतो, उरलेल्या दोन ‘अ’कारांमध्ये ‘य’ची श्रुती (उच्चार जोडणारा हलका ध्वनी) येते आणि पुढे मराठीत त्यांचा ‘ए’ होतो. ‘नगर’चे ‘नयर’ आणि मग संगमनेर, अमळनेर यांतील ‘नेर’ झाले, त्याच वाटेने ‘तगर’चे ‘तयर’ आणि ‘तेर’ होते. मात्र नियमामुळे एवढेच कळते की हे नाव त्या नावापासून येऊ शकते. गाव तेच आहे, हे व्याकरण सांगू शकत नाही.

प्रतिसाद — खापरीचा तुकडा

येथून पुढे कुदळीचे काम सुरू होते. पेरिप्लसनुसार तगर पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर होते, आणि तेथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे. तेर पैठणपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर असल्याने बैलगाडीच्या चालीने दहा दिवसांचा हिशेब जमतो. दिशा मात्र पूर्व नसून आग्नेय आहे, आणि ही विसंगती झाकून ठेवू नये. उत्खननात सातवाहनकालीन समृद्ध वस्ती मिळाली. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य तर प्रसिद्धच आहे. शिवाय शिलाहार राजे आपल्या लेखांत तगरनगरीचे अधीश्वर असल्याचे बिरुद अभिमानाने मिरवतात. त्यावरून गावाचा पत्ता कळत नसला, तरी नावाचा दबदबा शतकानुशतके टिकला होता हे कळते.

माझा आग्रह एवढाच की प्रत्येक साधन आधी त्याच्या स्वतःच्या पद्धतीने वाचावे. ‘हे तगर आहे’ असे गृहीत धरून खापरांचा अर्थ लावायचा आणि मग त्याच खापरांनी तगर सिद्ध करायचे, हा गोल फेरा आपल्याकडे फार चालतो.

माळरान

आभारी आहे. कापडाचा उल्लेख आला म्हणून विचारतो: नाशिकच्या लेण्यांतील एका लेखात ‘कोलिकां’ची श्रेणी (एका व्यवसायातील लोकांचा संघ) येते, असे वाचले. हे कोलिक म्हणजे आपले कोळीच ना?

प्रतिसाद — लोपागम

नेमका येथेच कान फसवतो. संस्कृतात ‘कौलिक’ म्हणजे विणकर, आणि संदर्भही तोच अर्थ मागतो. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा ४२व्या वर्षाचा लेख आहे. त्यात कोलिकांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ठेव ठेवून, तिच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, अशी व्यवस्था आहे. वीस गुणिले बारा म्हणजे २४०. दरमहा शेकडा एक या दराने २००० वर वर्षाला बरोबर २४०च व्याज येते, त्यामुळे लेखातील व्याजदराच्या शब्दाचा अर्थ ताडून पाहता येतो. वस्त्रासाठीची ठेव विणकरांकडे असणे स्वाभाविकच आहे.

जाता जाता, मूळ ओळीत ‘लेणे’ आणि ‘बारसक’ हे शब्द आहेत. ‘लेणे’ हा शब्द आपण अजून तसाच वापरतो आणि ‘बारसक’मधला ‘बारा’ही कोणालाही ओळखू येईल. ओळखीचे म्हणून हे दोन्ही शब्द बरोबर निघाले, ‘कोलिक’ मात्र निघाला नाही. म्हणून लेखाचा ठसा समोर असेल तेव्हा आधी संपूर्ण वाक्य लावावे आणि सुट्या शब्दाकडे नंतर वळावे.

माळरान

२४०चा हिशेब स्वतः मांडून पाहिला, जुळला. पुढच्या खेपेस नाशिकला वही घेऊनच जाईन.