बुलेटला रेसिंग साईडकार जोडलीय, हँडल मुंडी हलवतंय. चौकट वाकडी झाली का?

रंकाळाबुलेट:
मंडळी, आजोबांची १९७८ ची बुलेट ३५०. इंजिन बांधून झालंय. खूळ असं की, १९५० च्या आसपासच्या ब्रिटिश नॉर्टन मोटरसायकलसारखी उघडी रेसिंग साईडकार करायची. डबा नाही, नुसती चपटी फळी आणि पॅसेंजरला धरायला दांडे. चौकट उद्यमनगरात पाईप वाकवून करून घेतली, चार ठिकाणी धरलीय.

रविवारी पहाटे मोकळ्या मैदानात ट्रायल घेतली. ॲक्सिलेटर दिला की डावीकडं जाते, ब्रेक मारला की उजवीकडं. एका स्पीडला ठेवली तरी डावीकडं ओढतेच. तीस-पस्तीसला हँडल असं हललं की दाजी उतरून चालत घरी गेले. वेल्डर म्हणतोय, माझं काम सरळ आहे, तुझंच डोकं वाकडं.

जुनामिस्त्री:
वेल्डरशी भांडू नको. ॲक्सिलेटरला डावीकडं, ब्रेकला उजवीकडं हा साईडकारचा स्वभावच हाय. ढकलणारं चाक बुलेटचं, डाव्या अंगाला नुसतं ओझं. वेग घेताना ते मागं राहतं, ब्रेकला पुढं धावतं. तिसऱ्या चाकाला ब्रेक नसंल तर जास्तच.

पण एका स्पीडला ओढते म्हंजे सेटिंग चुकलंय. दोन सरळ पट्ट्या घे. एक बुलेटच्या दोन्ही चाकांना लावून, दुसरी साईडकारच्या चाकाला. पट्ट्यांमधलं अंतर पुढं १५-२० मिमी कमी भरलं पाहिजे. बुलेट साईडकारपासून बाहेर, उजवीकडं एखाद डिग्री झुकलेली ठेव. माप स्वतः बसून दुसऱ्याकडून घ्यायचं, रिकाम्या गाडीचं नको. आन् हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला हाय का ते आधी बघ, मग डॅम्परचा, म्हंजे हँडलचं हलणं दाबणाऱ्या भागाचा विचार.

पन्हाळाघाट:
पॅसेंजरबद्दल कुणीच बोललं नाही! १९४९ ची पहिली साईडकार जागतिक स्पर्धा एरिक ऑलिव्हरनं नॉर्टनवर जिंकली तेव्हा सोबत डेनिस जेन्किन्सन होता, आणि तो काही बसून नव्हता. पुढं १९५४ ते १९६७ दरवर्षी बीएमडब्ल्यूच, आडव्या सिलिंडरचं वजन खाली राहतं म्हणून. तुझं इंजिन उभं, त्यामुळं माणसालाच सरकावं लागणार. डाव्या वळणाला साईडकारचं चाक उचलतं, तिथं त्यानं डावीकडं बाहेर लटकायचं. उजव्याला तुझ्या पाठीमागं, मागच्या चाकावर. दाजींना आधी उभ्या गाडीवर सराव दे.

रंकाळाबुलेट:
मिस्त्री, पाया पडतो. पुढचं अंतर कमी सोडा, ८ मिमी जास्तच होतं. कोनसेटही ढिला निघाला. आता चाळीसला हँडल एका हातानं धरता येतंय (बघून आई ओरडली).

दाजी काही परत यायला तयार नाहीत. सध्या फळीवर पन्नास किलोचं तांदळाचं पोतं बांधलंय. डाव्या वळणाला ते बाहेर लटकत नाही, त्यामुळं तिथं पहिल्या गिअरमध्येच जातोय.