ते गेल्याची बातमी आली, तेव्हा तुमच्या घरी काय चाललं होतं?

१४ ऑक्टोबर २०२४ ला अतुल परचुरे गेले. त्याच आठवड्यात बायकोचा चौथा केमो होता. कर्करोगातून उठून ते पुन्हा कामाला लागले, तेव्हापासून आमच्या घरात येता-जाता त्यांचंच उदाहरण असायचं, "परचुरे बघ, उभे राहिले ना?" बातमी कळल्यावर बायको इतकंच म्हणाली, "आता उदाहरण बदलावं लागेल." आणि हसली. मला काही हसता आलं नाही.

ज्यांना आपण कधी भेटलोही नाही, त्यांच्या जाण्यानं आपल्या घरातलं काहीतरी हलतं. तुमच्याकडे झालंय असं? सावकाश, जमेल तसं लिहा. श्रद्धांजल्या नकोत, त्या सगळीकडे आहेत.

*

आमच्याकडे इरफान खान. बाबांच्या रिपोर्टवर 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' आलं, तेव्हा नातेवाइकांना समजावताना तोंडाला फेस यायचा. काकू तर मेंदूचंच धरून बसली होती. मग मार्च २०१८ मध्ये इरफाननं स्वतःच जाहीर केलं, वर हेही लिहिलं की 'न्यूरो' म्हणजे दर वेळी मेंदूच असं नाही. एकदम सगळ्यांना कळायला लागलं, "हां, इरफानला झालाय तो!" बाबांना त्यात जरा ऐटच वाटायची. "आमचं दुखणंसुद्धा हायफाय आहे," म्हणायचे. तो लंडनहून परत आलाय, शूटिंग करतोय, असं कुठे वाचलं की त्या दिवशी एक पोळी जास्त जायची.

२९ एप्रिल २०२०. लॉकडाउनमुळे पेपर बंदच होता, तेवढा एक प्रश्न सुटलेला. बातमी कळल्या कळल्या मी सेट-टॉप बॉक्सची वायर मागून सैल केली आणि "केबल गेलीय" म्हणून सांगितलं. बाबांनी काही विचारलं नाही, पत्ते काढून बसले. दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर गेले, तोवर आमची केबल 'गेलेलीच'. चार दिवसांनी वायर नीट लावली.

बाबा जुलैत गेले. बँकेच्या कामासाठी त्यांचा फोन उघडला, तर २९ एप्रिलच्या दुपारी मित्राला केलेला मेसेज दिसला. "इरफान गेला. पोरीला माहीत नसावं. फोन केलास तर विषय काढू नकोस, घाबरेल."

*

आम्ही तासगावकडचे. आबा, म्हणजे आर. आर. पाटील, १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले, तोंडाच्या कॅन्सरनं. सत्तावन्न म्हणजे काय जायचं वय नव्हे. थोरले चुलते अंजनीला मातीला जाऊन आले, आंघोळ केली आणि तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं. चाळीस वर्षांची सवय! आम्ही म्हटलं, आबांनी जाता जाता आमच्या घरचं एक काम केलं. पाचव्या दिवशी डबी परत खिशात. विचारलं तर म्हणतात, "जायचं त्याला कोण थांबवतंय व्हय?"

२०१९ ला त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. ऑपरेशनात एका बाजूचा जबडा काढावा लागला. आहेत अजून. भाकरी दुधात कुस्करून खातात, आणि त्यांचं बोलणं फक्त चुलतीला कळतं. पारावर कुणी पोरगं तंबाखू मळताना दिसलं, की त्याला हातानं बोलावून समोर बसवतात आणि नुसता गाल दाखवतात. पोरं आता लांबूनच वळतात.

*

मला नामवंत गेल्यावर काहीही होत नाही. आमच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. माझी बहीण सहा वर्षं डायलिसिसवर होती, तेव्हा यातल्या एकानं फोन केला नाही. राग येतो, एवढंच. हाही अनुभवच समजा.

*

वरच्या दादांचा राग पटला. माझं जरा जुनं आहे.

डिसेंबर १९८६. मी माहेरी बाळंतीण, मुलगी अकरा दिवसांची. १३ तारखेला स्मिता पाटील गेली. वय एकतीस, मुलगा पंधरा दिवसांचा. वडिलांनी दुसऱ्या दिवशीचा पेपर माझ्या खोलीत येऊ दिला नाही. पण बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी शेगडीत ओवा टाकता टाकता सांगून टाकलं, "ती नटी गेली हो, बाळंतपणातच." त्या दिवशी नेमकी मला थोडी कणकण होती.

आई रात्री तीनदा उठली. दर वेळी आधी माझ्या कपाळाला हात लावायची, मग बाळाच्या. एरवी उलटं असायचं.

*

माझी आई ६ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे गेली. सकाळी लता मंगेशकर गेल्या. अठ्ठावीस-एकोणतीस दिवस त्या ब्रीच कँडीत होत्या, सगळा देश तिकडे कान लावून बसलेला. मी फोन करून "आई गेली" म्हणायचो आणि पलीकडून, "हो रे, टीव्हीच बघतोय, फार वाईट झालं." मामाला तर तीनदा सांगावं लागलं, "मामा, माझी आई. तुझी ताई." मग तो जो गप्प झाला, तो फोन ठेवेपर्यंत.

सोमवारी सरकारनं सुट्टी जाहीर केली, त्यामुळे दाखल्याचं, बँकेचं काम मंगळवारवर गेलं. स्मशानातून अस्थी घेऊन येताना एका सरकारी कचेरीवर झेंडा अर्ध्यावर दिसला. धाकट्या भावानं गाडी कडेला घेतली, मांडीवर मडकं घेऊन मी बसलेलो. तो जरा वेळ वर बघत राहिला. "बरं दिसतंय," म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

*

केबलवाल्या ताई, तुमचं काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "चल, आता माझ्यापासून काय काय लपवलंयस ते सांग." दीड वाजेपर्यंत बसलो होतो. तिच्याकडची यादी माझ्याहून लांब निघाली.