वारणेच्या बाजूचा फॉल्ट (भ्रंश) ८६ अंश उभा येतोय, बीचबॉल (भूकंपात खडक कसा सरकला ते दाखवणारी आकृती) म्हणतो ५८. कोणाचं खरं धरायचं?

पाणलोट_७२:
कोयना–वारणा भागातले सुमारे साडेतीनशे छोटे भूकंप हायपोडीडी या प्रोग्रामने रिलोकेट केलेत, म्हणजे त्यांच्या जागा एकमेकांच्या तुलनेत पुन्हा काढल्यात. फक्त कॅटलॉगमधल्या लहरी पोचल्याच्या वेळा वापरल्या, क्रॉस-कोरिलेशन (लहरींचे आकार जुळवून वेळेतला फरक काढणं) नाही, सोडवणूक एलएसक्यूआर या गणिती पद्धतीने. वारणा जलाशयाजवळच्या वायव्य–आग्नेय पुंजक्याला पीसीएने (बिंदू कुठल्या दिशांना पसरलेत ते काढून) प्रतल बसवलं तर डिप, म्हणजे आडव्यापासूनचा उतार, ८६ अंश येतो. त्यातल्याच मोठ्या भूकंपांचे बीचबॉल नॉर्मल फॉल्टिंग (वरचा खडक उतारावरून खाली घसरणं) दाखवतात; शक्य प्रतलं दोन, एक ५८ अंश, दुसरं ३२. पुंजका स्ट्राइकच्या (फॉल्टच्या आडव्या रेषेच्या) दिशेने अडीच किमी लांब, आडवा जेमतेम ४०० मीटर, खोली ४ ते ७ किमी. सगळ्यात जवळचं स्टेशन ११ किमीवर. आउटपुट फाइलीत खोलीतली चूक ३०-४० मीटरच दिसते, म्हणून जानेवारीत व्हिएन्नाच्या ईजीयू या भूविज्ञान परिषदेला पाठवलेल्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये ‘जवळजवळ उभा भ्रंश’ असं लिहून मोकळा झालो. एप्रिलमध्ये पोस्टरसमोर उभं राहायचंय. काय तपासू?

कातळकडा:
ती ३०-४० मीटरची चूक आधी बाजूला ठेवा. एलएसक्यूआरने काढलेल्या चुका भरवशाच्या नसतात, हे हायपोडीडीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. पुंजक्यातले शंभरेक भूकंप निवडून एसव्हीडीने (चुका नीट देणारी, पण थोड्याच भूकंपांना झेपणारी पद्धत) सोडवा, शिवाय बूटस्ट्रॅप करा, म्हणजे डेटा पुन्हापुन्हा यदृच्छ निवडून उत्तर किती हलतं ते बघा. खोलीतली चूक काही शे मीटर निघाली तर नवल वाटू देऊ नका. ५-६ किमी खोलीच्या भूकंपाला जवळचं स्टेशन ११ किमीवर असेल तर खोली आणि उगमवेळ एकमेकांत मिसळतात. भूकंप थोडा खाली ढकलला आणि उगमवेळ थोडी आधीची धरली की रेसिड्युअल (मोजलेल्या आणि गणिताने आलेल्या वेळांतला फरक) जवळपास तेवढंच राहतं. खोली धरून ठेवायला साधारण खोलीइतक्याच अंतरावर एक तरी स्टेशन आणि त्याचा स्वच्छ एस पिक (पी लहरीमागून येणाऱ्या एस लहरीची पोचवेळ) लागतो.

याचा डिपवर काय परिणाम होतो ते आकड्यांत बघा. ६० अंश डिपचा फॉल्ट धरा, उताराच्या दिशेने ८०० मीटर. त्याची आडवी रुंदी ४०० मीटर, खोलीतला खरा फरक सुमारे ७०० मीटर. आता प्रत्येक भूकंपाच्या खोलीत ७०० मीटर प्रमाण विचलनाची चूक मिसळा आणि पीसीए लावा. उत्तर येतं ८७ अंश. पुंजका उभा ताणला जातो आणि पीसीए इमानदारीने त्या ताणाचाच डिप सांगतं. तुमची रुंदीही ४०० मीटरच आहे आणि खोलीतला पसारा ३ किमी. मला हे दुखणं तेच वाटतंय.

खात्री करायला सिंथेटिक चाचणी लावा. ६० अंशाच्या प्रतलावर बिंदू पेरा, तुमच्याच स्टेशनांपर्यंतच्या प्रवासवेळा काढा, पी मध्ये ०.०५ आणि एस मध्ये ०.१ सेकंद नॉइज घाला आणि मुद्दाम वेगळ्या वेग-मॉडेलने (कुठल्या खोलीवर लहरींचा वेग किती, याचं मॉडेल) रिलोकेट करा. मॉडेल तेच ठेवलंत तर उत्तर फुकटात छान येईल आणि काहीच कळणार नाही. इथे वर किलोमीटरभराच्या आसपास बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटी पाया. मॉडेल बदलताना ती सीमा दोनतीनशे मीटर वरखाली करा. हायपोडीडीची जुनी आवृत्ती सगळी स्टेशनं एकाच सपाटीवर धरते. घाटमाथ्यावरचं आणि खोऱ्यातलं स्टेशन एका पातळीवर मानणं सह्याद्रीत महागात पडतं.

उभाछेद:
वरचं पटतं, पण बीचबॉललाही देव मानू नका. स्टेशनं थोडी असली की पहिल्या हालचालीच्या दिशांवरून काढलेला डिप १०-१५ अंश सहज हलतो. हायपोसेंटर वेग-मॉडेलमधल्या थराच्या सीमेपाशी असेल तर खोली जराशी बदलली तरी टेकऑफ कोन (लहर भूकंपाच्या जागेतून निघतानाचा कोन) उडी मारतो आणि स्टेशनाचा ठिपका बीचबॉलवर भलतीकडे जाऊन पडतो. १०० बूटस्ट्रॅप खोल्या घ्या, प्रत्येकीसाठी बीचबॉल काढा, डिपचा पसारा दाखवा.

छेद (जमिनीचा उभा काप दाखवणारी आकृती) कुठल्या दिशेने घेतलात? स्ट्राइकला काटकोनात नसेल तर डिप कमी दिसतो: ६० अंशाचा फॉल्ट स्ट्राइकशी ४५ अंश करणाऱ्या छेदावर ५१ दिसेल. काटकोनातल्या छेदावर उभा अक्ष दुप्पट ताणला तर तोच ६० अंशाचा फॉल्ट ७४ दिसेल.

पाणलोट_७२:
छेद काटकोनात आहे, अक्षही ताणलेला नाही. कालची सिंथेटिक चाचणी: ६० घातले, ८५ बाहेर आले. 🙂 क्रॉस-कोरिलेशनला लागतो. पण ॲबस्ट्रॅक्टचं काय?

कातळकडा:
८५ आले म्हणजे तुमचं जाळं ६० आणि ८६ यांत फरकच करू शकत नाही. ‘फॉल्ट ६० आहे’ असं त्यातून सिद्ध होत नाही, तेवढी उडी मारू नका. क्रॉस-कोरिलेशनमध्ये एस साठी वेगळी, जरा लांब विंडो (जुळवायचा लहरीचा तुकडा) घ्या. आडव्या घटकावर पी चा कोडा (मागे रेंगाळणाऱ्या लहरी) एस च्या विंडोत शिरला तर जुळणीचा कोएफिशंट ०.८ असूनही वेळ चुकीची येते.

पोस्टरनळी:
ॲबस्ट्रॅक्ट तसाच राहू द्या, पोस्टरवर निकाल बदललेला चालतो. फक्त लपवू नका: वरच्याच बाजूला एक ओळ, ‘ॲबस्ट्रॅक्टमधला ८६ अंश हा खोलीच्या चुकीचा परिणाम असू शकतो’, आणि शेजारी सिंथेटिक चाचणीची आकृती. थांबणारा माणूस ती आकृती बघायलाच थांबेल. ईजीयूचा फलक आडवा असतो, १९७ बाय १०० सेंमी. उभं पोस्टर छापून नेलंत तर खालचा भाग हवेत लोंबतो. कापडावर छापा, घडी करून हातातल्या बॅगेत जातं. छेदाच्या दोन्ही टोकांना दिशा लिहा, प्रत्येक भूकंपाला चुकीची उभी रेघ द्या, स्टेशनं त्याच प्रमाणात वर दाखवा.

कोयना म्हटलं की तिथे लोक १० डिसेंबर १९६७ चा ६.३ चा भूकंप आणि धरणच आठवतात, त्यामुळे दुसराच प्रश्न पाण्याच्या पातळीवर येणार. वारणेत १९८५ पासून पाणी साठायला लागलं आणि १९९३ पासून भूकंप त्या बाजूला वाढले, एवढं तोंडपाठ ठेवा. ‘१९६७ चा फॉल्ट तर उभा आणि डावीकडे सरकणारा, मग तुमचा नॉर्मल कसा’ हेही कोणी ना कोणी विचारेलच. तो दोणिचावाड्याचा, उत्तर-ईशान्य दिशेचा, तुमचा वायव्य–आग्नेय. दोन्ही एकाच नकाशावर वेगळ्या रंगात काढा, म्हणजे बोट दाखवून काम भागतं. आणि शेंगेनचा व्हिसा अजून केला नसेल तर हे सगळं नंतर, आधी अपॉइंटमेंट बघा.

पाणलोट_७२:
पोस्टर उभंच मांडलं होतं, फिरवतो. अपॉइंटमेंट मंगळवारची मिळाली.