मुतखडा: ज्यांनी सोसला त्यांनी लिहा

गेल्या महिन्यात माझा तिसरा खडा पडला. पहिले दोन कधी वाहून गेले कळलंच नाही, हा मात्र लघवी गाळायच्या गाळणीत सापडला. तिळाएवढा, पिवळट करडा, एका बाजूने काटेरी. एवढ्याशा कणाने मला पहाटे तीनला बाथरूमच्या फरशीवर ओणवं केलं होतं, हे घरात कुणाला पटेना.

कळ उजवीकडे बरगडीखाली पाठीत सुरू झाली आणि हळूहळू जांघेत उतरली. उभं राहा, बसा, कुशीवर वळा, काही उपयोग नाही. डॉक्टरांनी माझी येरझार बघितली आणि दारातच म्हणाले, "मुतखडा." पोटाची इतर काही गंभीर दुखणी असतील तर माणूस हलायला घाबरतो, खड्याचा माणूस मात्र एका जागी ठरत नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. खडा टोचतो म्हणून दुखतं असं मी समजत होतो. खरं तर लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं, त्याची ती कळ. खडा ४ मिमीचा होता. एवढे बहुतेक आपोआप पडतात, १० मिमीच्या पुढचे क्वचितच. माझा नवव्या दिवशी पडला. प्रयोगशाळेत तपासल्यावर कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, म्हणजे सगळ्यात जास्त आढळणारा.

तुम्हाला कशाने झाला, काय केलंत, पुढे काय बदललं ते लिहा. रामबाण काढे नकोत, स्वतःवर किंवा घरच्यांवर गुजरलेलं लिहा.

*

मी शिक्षिका. तासांच्या मध्ये जायला वेळ नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, ही माझी वर्षानुवर्षांची हुशारी. खडा ७ मिमीचा, मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला अडकलेला. वाट मोकळी व्हावी म्हणून तीन आठवडे टॅम्सुलोसिन दिलं, पण तो जागचा हलला नाही. मग दुर्बीण आत घालून लेझरने फोडला.

लेझरचं मला काहीच वाटलं नाही. त्यानंतर मूत्रवाहिनी उघडी राहावी म्हणून आत ठेवलेल्या बारीक नळीबद्दल, म्हणजे डीजे स्टेंटबद्दल, मात्र आधी कुणी बोललं नव्हतं! दोन आठवडे सारखी घाई, जळजळ, आणि लघवी करताना पाठीत कुणीतरी दोरी ओढतंय असं वाटायचं. एक दिवस मी शिपाईकाकांना उगाचच ओरडले.

नंतर चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली. तो मोठा कॅन कापडी पिशवीत घालून मी शाळेत गेले. सहकारी विचारतात, काय गं एवढं? म्हटलं, प्रयोगाचं साहित्य. भरली फक्त ९०० मिली. डॉक्टर म्हणाले, पाणी किती पिता ते मला सांगू नका, लघवी अडीच लिटर व्हायला हवी. घाम जास्त आला की तेवढंच पाणी कमी पडतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

*

वरच्या ताई, स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा हो. माझा मेहुणा "आता बरं वाटतंय" म्हणत चौदा महिने विसरला. स्टेंटवरच खडे धरले. तो काढायला दोन शस्त्रक्रिया लागल्या, मूळ खड्याला एक लागली होती.

*

माझा खडा कॅल्शियमचा निघाला म्हणून नातेवाइकांनी माझं दूध-दही बंद केलं. मीही मुकाट्याने केलं. दोन वर्षांत आणखी मोठा खडा!

दुसऱ्या डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. जेवणातलं कॅल्शियम पालक-बीटसारख्या पदार्थांतल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. कॅल्शियम तोडलं की ऑक्झलेट मोकाट सुटतं, रक्तात जातं, लघवीत उतरतं. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला होता, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी, अशा ६० जणांत १२ जणांना. मीठ जास्त झालं की मूत्रपिंड सोडियमबरोबर कॅल्शियमही लघवीत सोडतं. म्हणजे मी तोडायला हवं होतं मीठ, आणि तोडलं दूध. आता दूध-दही जेवणाबरोबर घेतो, पालक आणि बीट बेताने. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मनानेच घ्यायचो, त्याही थांबवल्या, कारण त्यातून शरीरात ऑक्झलेटच तयार होतं.

*

माझा एक्स-रे स्वच्छ होता आणि मी कळवळत होतो. दोन दिवस सगळ्यांना वाटलं, हा नाटक करतोय. सीटी स्कॅनमध्ये १३ मिमीचा खडा दिसला. युरिक अॅसिडचे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. माझी लघवी कायम आम्लधर्मी, पीएच ५ च्या आसपास. ती आम्लता कमी करायला पोटॅशियम सायट्रेट हे औषध सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा, पीएच साडेसहाच्या जवळ ठेवायचा. घरात माझ्या रंगपंचमीची चेष्टा चालायची. तीन महिन्यांनी स्कॅन केला तर खडा विरघळून गेलेला! हे फक्त याच जातीच्या खड्याचं भाग्य, कॅल्शियमचा असा विरघळत नाही. आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर या औषधाने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा माझं वाचून कुणी परस्पर सुरू करू नका.

*

लिथोट्रिप्सीवर कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. कापाकापी नाही, बाहेरून लहरींचा मारा. ही पद्धत माणसावर पहिल्यांदा १९८० मध्ये म्युनिकला वापरली, यंत्र बनवणारी डॉर्निए ही विमानं बनवणारी कंपनी होती. मला पाठीवर रबर ताणून सोडल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस लघवी लालसर, मग रेती. माझा खडा कडक, म्हणून एका बैठकीत भागलं नाही, दुसरी लागली.

*

कळ येत असताना "धडाधड पाणी पी, ढकलला जाईल" हा सल्ला मी पाळला. तीन लिटर पाणी गेलं, तेवढंच उलटून पडलं. कळ चालू असताना तहानेपुरतं प्यावं. पाणी रोजचं असावं लागतं.

*

हे लिहावं की नको असं झालं होतं. बायकोला खडा होता, गोळीने कळ दबत होती. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. मला वाटलं साधाच असेल, सकाळी बघू. सकाळी तिचं बोलणं असंबद्ध होतं.

अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला होता. त्या रात्री त्यांनी खड्याला हातच लावला नाही, आधी स्टेंट टाकून तुंबलेली लघवी काढली. खडा काढला तो संसर्ग आटोक्यात आल्यावर, तीन आठवड्यांनी. ती बरी आहे. "सकाळी बघू" हे शब्द मी आता घरात वापरत नाही.

*

आमच्या आईला कळ आली ती बारा वर्षांपूर्वी, एकदाच. मग थांबली. पडला असेल म्हणून आम्ही विषय सोडला. गेल्या वर्षी भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली तर सांबराच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला खडा अख्खं मूत्रपिंड व्यापून बसलेला. इतकी वर्षं हूं की चूं नाही. पाठीतून छिद्र पाडून काढला, पण त्या बाजूचं काम निम्म्याहून कमी उरलंय.

*

धागा सुरू करणारा पुन्हा. आईंचा अनुभव वाचून उठलो आणि फाइल काढली. "पहिले दोन वाहून गेले" असं मी वर लिहिलंय, पण पडताना मी एकही पाहिला नव्हता, कळ थांबली एवढंच. दोन्ही डावीकडचे. गेल्या महिन्याच्या सोनोग्राफीत उजवीकडच्या ४ मिमीच्या खाली आणखी एक ओळ आहे: डावं मूत्रपिंड, खालचा भाग, ६ मिमी. डॉक्टरांनी सांगितलंही असेल, मी इंजेक्शनच्या गुंगीत मान डोलावली असेल. सोमवारची वेळ घेतली आहे. गाळणी धुऊन ठेवली आहे.