मदत हवी आहे: आई आणि माझ्या नावावरचा फ्लॅट विकला, टीडीएस सगळा माझ्याच पॅनवर

नमस्कार मंडळी,

ठाण्यातला आमचा फ्लॅट जानेवारी २०२६ मध्ये १ कोटी १० लाखांना विकला. २००८ च्या दिवाळीत घेतलेला, आई आणि मी दोघांच्या नावावर. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरून ३४ लाख पडले. निम्मे आईने बाबांच्या फंड-ग्रॅच्युइटीतून घातले, निम्म्याचं कर्ज मी काढून फेडलं. करारनाम्यात हिस्से लिहिलेले नाहीत, इंडेक्स टूवर (नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यावर) नुसती दोन नावं. विक्रीचे पैसे मात्र मुद्दाम निम्मे-निम्मे दोघांच्या खात्यात घेतले.

घोळ असा की खरेदीदाराच्या सीएने २६ क्यूबी (जागेच्या किमतीतून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, भरायचा फॉर्म) एकच भरला. १ टक्का, म्हणजे १ लाख १० हजार, सगळे माझ्या पॅनवर. माझ्या एआयएसमध्ये (आयकर खात्याकडची व्यवहारांची नोंद) अख्खी विक्री, आईच्या २६ एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) शुकशुकाट. फोन केला तर म्हणे, "एकच फ्लॅट, एकच फॉर्म, काय फरक पडतो?"

पडतो ना! खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरायची (इंडेक्सेशन) तर २००८-०९ चा सरकारी इंडेक्स १३७, २०२५-२६ चा ३७६. ३४ लाखांचे झाले साधारण ९३.३० लाख, नफा १६.७० लाख, २० टक्क्यांनी कर ३.३४ लाख. इंडेक्सेशनशिवाय ७६ लाखांवर १२.५ टक्के, म्हणजे साडेनऊ लाख. जागा २३ जुलै २०२४ च्या आधीची आणि आम्ही दोघंही निवासी, त्यामुळे यातला कमी तो भरायचा, इथवर कळलं. (सेस वेगळा.) पण आईला वर्षाला अडीच लाख फॅमिली पेन्शन, बाकी काही नाही. तिचा नफा तिच्याच रिटर्नमध्ये गेला तर कर आणखी उतरतो.

मी निम्मीच विक्री दाखवली तर नोटीस येईल का? आणि तिच्या वाटच्या टीडीएसचं काय? ओळखीचे एक काका म्हणतात सगळं तुझ्यावरच घे. आईचंही तेच, "माझं कशाला रिटर्न-बिटर्न!"

प्रतिसाद:
काकांचं ऐकू नका. पैसे ज्याने ज्या प्रमाणात घातले त्या प्रमाणात नफा, पॅन कुणाचा का लागेना. २००८ ची आईंची बँक स्टेटमेंट आणि तुमचे कर्जाचे कागद शोधून ठेवा, नोटीस आलीच तर तेच कामाला येतील. एआयएसमध्ये त्या नोंदीवर फीडबॅक द्या. खरेदीदाराने ट्रेसेसवर (टीडीएसची सरकारी साइट) दुरुस्ती केली तर उत्तमच. नाहीतर आयटीआर-२ या रिटर्न फॉर्मच्या टीडीएस तक्त्यात दुसऱ्याच्या पॅनवरचा कर दाखवायची सोय आहे (नियम ३७ बीए). ५५ हजार तुम्ही घ्या, ५५ आईंकडे वळवा, दोन्ही रिटर्नमध्ये आकडे जुळवा.

आईंची नव्या करप्रणालीतली ४ लाखांची करमुक्त मर्यादा पेन्शनने भरत नाही, उरलेली नफ्यातून वजा होते. नफ्यावरचा कर वाचवायला ५४ ईसीचे बाँड घ्यायचे असतील तर विक्रीपासून ६ महिनेच मिळतात, म्हणजे जुलै. पैसे ५ वर्षं अडकतील, आईंना आधी विचारा.